रिकाम्या सुपातल्या पंचवीस

मुक्ता आणि ओजस,

सोबत एका फिल्मची लिंक पाठवते आहे. ती उघडण्याआधी हे वाचा. फिल्म चार मिनिटं अकरा सेकंदांची आहे. तिच्यात एक बाई मांडीवर सूप (धान्य पाखडायचं बांबूचं पसरट पात्र; तुमच्या आईने हॉलमध्ये शोभेला लावलंय तसलंच) घेऊन बसलेली दिसेल. सुपात काही नाही, तिच्या हातातही काही नाही, तरी ती काम करते आहे. ओजस लगेच विचारेल की फाइल बिघडली आहे का. बिघडलेली नाही.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मुक्ताने विचारलं होतं, ज्या आजीला टीव्हीचा रिमोट सापडत नाही ती शाळेतल्या मुलांना फिल्म करायला कशी शिकवते? प्रश्न रास्त आहे. उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहून देते. शिवाय पुढच्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे आणि त्यानंतर काही दिवस लिहिणं-वाचणं बंद. कामं अर्धवट टाकून दवाखान्यात जाणं मला आवडत नाही.

एकतीस वर्षं मी इंग्रजी शाळेत भूगोल शिकवला हे तुम्हांला माहीत आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिथे फिल्म क्लब चालवायची, हे बहुधा माहीत नसेल. आधी प्रोजेक्टर, मग व्हिडिओ कॅमेरा. त्या क्लबमधली एक मुलगी, अर्चना, आता सिन्नर तालुक्यात निंबवाडी नावाच्या गावच्या हायस्कुलात शिक्षिका आहे. डिसेंबरमध्ये तिचा फोन आला. जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांसाठी लघुपटाची स्पर्धा होती, एका शाळेची एकच फिल्म, मोबाईलवर केलेली चालेल, लांबी पाच मिनिटांपर्यंत. "टीचर, मुलं हुशार आहेत, पण फिल्म म्हणजे नाच एवढंच त्यांना माहीत आहे. एक आठवडा याल का?" मी कॅलेंडर पाहिलं आणि हो म्हणाले.

संक्रांत नुकतीच झाली होती. सोमवारी सकाळी सात वाजता मी इंदिरानगरहून रिक्षा केली आणि नाशिकच्या द्वारका चौकात एसटी पकडली. सामानात दोन साड्या, स्वेटर, वही, तिळाच्या वड्यांचा डबा आणि तुमच्या आजोबांचा ट्रायपॉड. तो मी जुन्या चादरीत गुंडाळला होता. कंडक्टरने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आजी, बंदूक हाय का?"

मी सांगितलं, की कॅमेरा उभा करायची तिकाटणी आहे. मग कॅमेरा कुठे आहे, असं त्याने विचारलं. कॅमेरा तिकडे मिळणार आहे, मी म्हणाले.

"म्हंजे म्हैस घ्यायच्या आधीच दावं घेऊन निघालात," असं म्हणून त्याने तिकीट फाडलं. पुढच्या दोन रांगा हसल्या. मीही हसले, कारण कॅमेरा म्हणजे कुणाचा तरी मोबाईल असणार होता आणि तो कुणाचा हे मलाही माहीत नव्हतं.

नाशिकरोड, शिंदे, पळसे मागे टाकून गाडी मोहदरीचा घाट चढली तेव्हा खालच्या शेतांवर धुकं होतं. सिन्नरच्या स्टँडवर अर्चना उभी होती. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे, पण "टीचर" म्हणताना आवाज अजून सातवीतला. स्टँडबाहेर आम्ही चहा आणि भेळभत्ता घेतला आणि निंबवाडीच्या जीपमध्ये जाऊन बसलो. जीप भरलेली होती असं मला वाटत होतं. ड्रायव्हरला तसं वाटत नव्हतं. "अजून दोन शिटा कमी हायेत," तो म्हणाला. त्या दोन शिटा आल्या, त्यांच्याबरोबर एक शिवणयंत्रही आलं, ते वर टपावर गेलं आणि त्याच्या शेजारी माझा ट्रायपॉड. निंबवाडीला उतरल्यावर मी वही, पिशवी, डबा, स्वेटर असं सगळं मोजून घेतलं. जीप वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ट्रायपॉड आठवला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. मधल्या काळात शिवणयंत्रवाल्या बाईंनी त्याच्यावर ब्लाउज वाळत घातले होते, असं ड्रायव्हरने प्रामाणिकपणे सांगितलं.

हायस्कुलात सकाळी साडेनऊला पोचलो. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन फिल्मसाठी सगळ्यात चांगलं असतं, म्हणून मी मुद्दाम लवकर निघाले होते. पण आपल्याकडे पाहुण्याचा सत्कार केल्याशिवाय त्याला कामाला लावत नाहीत. मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणतात, इस्त्रीचा सफारी घालून दारात उभे होते. स्वागतगीत झालं. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल झालं. हेडसरांचं प्रास्ताविक, अर्चनाने करून दिलेला परिचय, एका मुलाचं मनोगत आणि आभारप्रदर्शन झालं. पावणेबारा वाजले. ऊन डोक्यावर आलं. शाल मात्र कामाला आली. वर्गाच्या खिडकीतून येणारा भगभगीत उजेड अडवायला ती मी तिथेच दोन खिळ्यांवर टांगली. हेडसरांना ते फारसं रुचलं नसावं.

चौदा मुलं होती, आठवी-नववीची. मोबाईल तीन, त्यातला बरा कॅमेरा अर्चनाच्या फोनला. मी मुलांना सांगितलं, एकेकाने कॅमेऱ्यासमोर यायचं आणि स्वतःबद्दल सहज बोलायचं. पहिली मुलगी आली, हात मागे बांधून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो." दुसऱ्याने तेच केलं. तिसऱ्यानेही. त्यांना दोष कसा द्यायचा? समोर कुणी ऐकायला बसलं की असंच बोलायचं असतं, हे त्यांना पहिलीपासून शिकवलं होतं आणि आताच्या दोन तासांत पुन्हा एकदा दाखवलंही होतं.

तेव्हा मी माणसं बाजूला ठेवली. म्हटलं, ज्याच्याशी बोलता येत नाही असं काही शोधा. नळ, घंटा, शेळी. फोन हलवायचा नाही, दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवायचा. मुलं धावत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. आम्ही सगळं शाळेच्या प्रोजेक्टरने भिंतीवर लावून पाहिलं. शेळी छान आली होती, रवंथ करताना कानही हलत होता. फक्त मागून खणखणीत आवाज येत होता, "एक, दोन, तीन, चार..." दहापर्यंत. नळाच्या मागेही तेच, घंटेच्या मागेही तेच. मोजायचं, पण मनात, हे सांगायचं मी विसरले होते.

दुपारी विषय ठरवायला बसलो. स्वच्छता, पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाईलचे दुष्परिणाम अशी यादी फळ्यावर होत गेली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी काहीच बोलत नव्हती. नाव वैष्णवी, नववीत. मी तिला विचारलं तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "माझी आजी विड्या वळती. कारखान्याची शाखा ह्या महिन्यात बंद होनार हे. त्याच्या आधी तिचं हात घ्यायचं होतं."

वर्ग एकदम बोलायला लागला. कुणी म्हणालं, तिची आजी न बघता वळते. कुणी म्हणालं, वळता वळता भांडते पण हात थांबत नाही. हेडसरांनी आजीचा आदर हा विषय चांगला असल्याचं मत दिलं. मतदान घेतलं, वैष्णवीचा विषय निवडला गेला.

तिच्या घरी चालत जाताना तिने मला एक गोष्ट सांगितली. पाचवीत असताना शाळेच्या एका फॉर्मात घरातल्या प्रत्येकाचं काम लिहायचं होतं. तिने आजीपुढे 'शेती' लिहिलं. "आमची शेतीच नाय, आजी," ती मला म्हणाली. सकाळी मी तिची मॅडम होते, दुपारी आजी झाले. आजीने तो फॉर्म कुणाकडून तरी वाचून घेतला होता आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता. वैष्णवी म्हणाली, "वरडली असती तर बरं झालं असतं."

म्हणून ही फिल्म तिला करायची होती. मी तिला काही उपदेश केला नाही. पण शनिवारी संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ होती आणि ती फिल्म त्याआधी जाणार, हे मी त्या रस्त्यावर ठरवून टाकलं.

सुंदराबाई, म्हणजे वैष्णवीची आजी, घराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. उजेड तिथे येतो म्हणून त्या तिथे बसतात. एवढं सोपं सूत्र मला फिल्म क्लबच्या मुलांना शिकवायला महिना लागायचा. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाल्या आणि लगेच मला ताई म्हणायला लागल्या. वैष्णवीची आई एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जाते, म्हणून दिवसभर घरात सुंदराबाई एकट्या.

त्यांचं काम तुम्हांला समजावून सांगते, कारण फिल्ममध्ये ते दिसणार नाही. टेंभुर्णीच्या झाडाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची. पत्र्याचा एक चौकोनी तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाची पट्टी कापायची. पट्टीत चिमूटभर तंबाखू, मग दोन्ही हातांच्या बोटांनी एकच वळसा, नखाने तोंड मुडपायचं, बारीक दोऱ्याचे दोन फेरे. एक विडी झाली. पंचवीस झाल्या की त्यांची टोकं जमिनीवर ठोकून सारखी करायची आणि जुडी बांधायची. हेडसरांसकट गावातला प्रत्येक माणूस हे बघत मोठा झाला आहे. मी मात्र पहिल्यांदा बघत होते, आणि अर्धा तास माझ्या वहीत एक ओळही लिहिली गेली नाही.

मंगळवार आणि बुधवार आम्ही तिथे चित्रीकरण केलं. ट्रायपॉड परत आला होता, पण तो उंबऱ्याशी मावेना. वैष्णवीने बाजरीचं पोतं आडवं टाकून त्याच्यात फोन रुतवला. पोतं हलत नाही, हवं तसं दाबता येतं. तुमच्या आजोबांचा ट्रायपॉड दोन दिवस कोपऱ्यात उभा राहिला. सावलीतल्या हातावर उजेड टाकायला मुलांनी कणकेची परात धरली. आता कुणीही मोठ्याने मोजत नव्हतं. ओठ हलायचे फक्त.

बुधवारी दुपारी सुंदराबाईंनी आम्हांला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेल्या) खाऊ घातले. नाकातून पाणी आलं. "ताई, शहरात मिरची नसती का?" असं त्यांनी विचारलं आणि वर ताकाचा पेला ठेवला. शेंगोळेही त्या न बघताच वळत होत्या.

गुरुवारी मी अर्चनाच्या सिन्नरच्या घरी प्रवेशिका भरायला बसले, आणि आता माझी चूक सांगते.

अर्चनाने डिसेंबरमध्ये नियमांचे फोटो पाठवले होते. दोन फोटो होते. मी पहिलाच उघडला होता. दुसऱ्या पानावर सातवा नियम असा होता, की चित्रणात तंबाखू, मद्य किंवा तसा पदार्थ, तो बनवणं, विकणं किंवा ओढणं दिसलं तर प्रवेशिका बाद होईल. एकतीस वर्षं प्रत्येक परीक्षेआधी मी वर्गाला सांगत आले, की लिहायला लागण्याआधी प्रश्नपत्रिकेच्या दोन्ही बाजू वाचा. तुमच्या बाबालाही सांगत होते. विचारा त्याला.

अर्चना म्हणाली, चूक तिचीही आहे. मी म्हटलं, चुकीची वाटणी नंतर करू, आधी फोन लाव. स्पर्धेच्या कार्यालयातली मुलगी सभ्य होती आणि ठाम होती. हा नियम मुलांसाठीच आहे, असं ती म्हणाली. ते मलाही पटत होतं. शाळेच्या पडद्यावर तंबाखू दिसू नये, हे कुणी मला शिकवायला नको. मी क्रमाने प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. झाडाचं पान दिसलं तर चालेल का? चालेल. तंबाखू न भरलेली विडी? नाही, बघणाऱ्याला ती विडीच दिसणार. बाई दिसल्या तर? ती हसली. बाईंना बंदी कशी असेल, म्हणाली.

शाळेत गेलो. हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच तोडगा काढला. "मॅडम, उद्याच्या उद्या वृक्षारोपण उरकून टाकू. खड्डे तयारच आहेत, मागच्या जुलैचे."

वैष्णवी तिथेच उभी होती. हेडसरांसमोर मुलं सहसा बोलत नाहीत. ती जमिनीकडे बघून बोलली, पण बोलली. "खड्ड्यांची फिल्म दुसरं कोनी करील, सर. माझी आजी दुसऱ्या कोनाला नाय."

हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना एक दिवस मागितला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर शनिवारी सकाळी मी स्वतः खड्ड्यात उभी राहीन, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

सुंदराबाईंना कसं सांगायचं, ह्याची मला भीती वाटत होती. दोन दिवस त्यांचं काम अडवून आम्ही चित्रीकरण केलं आणि आता सांगायचं, की तुमचं काम दाखवण्याजोगं नाही? पण त्या शांतपणे ऐकत होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "नियम खोटा नाय, ताई. चाळीस वर्सं वळल्या, पन घरात कोनाला वढू दिली नाय. हिचा बाप लपून वढायचा. वासावरून धरला मी त्याला, आन् कात्री घेऊन अंगणभर पळवला."

वैष्णवी हसली नाही. सुंदराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं, "तंबाखू दिसाया नको. विडी दिसाया नको. निस्ता हात दिसला तर चालंल का?"

मी वही उघडली. पान चालेल, विडी नाही, बाई चालेल. हाताबद्दल काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता आम्ही उंबऱ्याशी होतो. पहिल्यांदा काहीच जमलं नाही. रिकाम्या हातांनी सुंदराबाई 'विडी वळून दाखवत' होत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात अभिनयगीत करतात तशा, हात वर धरून, सावकाश, मधून मधून फोनकडे बघत. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. त्यांनाही कळत होतं. "खोटं दिसतंय ना?" त्या म्हणाल्या. दहा वाजत आले, ऊन उंबऱ्यावरून सरकायला लागलं. अर्चना घड्याळ बघत होती. मी त्या मुलांना दहा सेकंद हलू नका म्हणून शिकवलं होतं, पण असं काही करायला मला स्वतःलाच कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग सुंदराबाई वैतागून म्हणाल्या, "आगं, सूप दे मांडीवर. सुपाबिगर हात बसत नाय."

आम्ही ते काढून ठेवलं होतं, कारण त्याच्या विणीत तंबाखूची भुकटी अडकलेली असते. वैष्णवीने सूप बाहेर नेऊन ब्रशने झाडलं, ओल्या फडक्याने पुसलं, उन्हात धरून वाळवलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. सुंदराबाईंनी ते थोडं डावीकडे सरकवलं. पाय मुडपला. खाली मान घातली. आणि हात सुरू झाले.

ते वर्णन मी करत नाही, तुम्ही बघणारच आहात. एवढंच सांगते, की आता त्या कुणाला दाखवत नव्हत्या. फोनचा विसर पडला होता, आमचाही. उजवा हात सुपातून काही तरी उचलायचा, डावा ते झेलायचा, बोटं एकमेकांवरून जायची, अंगठ्याचं नख खाली यायचं. पुन्हा, पुन्हा. रिकाम्या हाताला पान शोधावं लागत नाही, म्हणून वेग नेहमीपेक्षाही जास्त. मुलांपैकी कुणी हलत नव्हतं. वैष्णवी पोत्याशी पालथी पडून पडद्याकडे बघत होती. हेडसर केव्हा येऊन मागे उभे राहिले, मला कळलंही नाही.

चार मिनिटं होत आली आणि सुंदराबाईंनी दोन्ही हातांत काही तरी धरलं, जमिनीवर दोनदा ठोकून टोकं सारखी केली आणि उजवा हात न बघता दाराच्या चौकटीकडे नेला. तिथल्या खिळ्याला जुडी बांधायच्या दोऱ्याचं रीळ असतं. ते आम्ही आदल्या दिवशी काढून आत ठेवलं होतं. हात खिळ्यापाशी थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"पंचवीस झाल्या," त्या म्हणाल्या. "दोरा कुठंय?"

इतका वेळ त्या मोजत होत्या. सगळ्या नसलेल्या विड्या, एकेक, मनात.

वैष्णवीने फोन बंद केला नाही. मी शिकवलेले दहा अंक तिने पुरते मोजले, मग बटण दाबलं. मागून हेडसर घसा खाकरून म्हणाले, "झाडं पुढच्या वर्षी लावू."

त्या चित्रणाला आम्ही कात्री लावली नाही. सुरुवातीला पान कापल्याचा आवाज आणि नाव, एवढंच जोडलं. निंबवाडीत शाळेच्या गच्चीवर, टाकीच्या पूर्वेला उभं राहिलं तरच रेंज येते. शनिवारी दुपारी दोन वाजता आम्ही सोळा जण तिथे उभे होतो. तीन वाजून वीस मिनिटांनी फिल्म गेली. माझ्या तिळाच्या वड्या तिथेच संपल्या.

दोन आठवड्यांनी पंचवटीतल्या एका सभागृहात निवडक फिल्म दाखवायच्या होत्या आणि यादीत आमची होती. मुलं एसटीने आली, सुंदराबाई नव्या साडीत. भाजीबाजारातून, रिक्षा चुकवत, मी त्यांना ओळीने सभागृहात नेलं. इथेही आधी सत्कार झाले, पण आता मला घाई नव्हती. आमची फिल्म लागली आणि भिंतीएवढे हात समोर आले. सुंदराबाईंनी आपले खरे हात पदराखाली घेतले. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नखं काढायला पायजे व्हती."

फिल्म संपल्यावर परीक्षकांनी वैष्णवीला मंचावर बोलावलं. कुरळ्या केसांचे, पुण्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी मनापासून विचारलं, "खूप सुंदर आहे हे. पण त्या नक्की काय बनवतायत?"

मी कार्यालयातल्या त्या मुलीकडे पाहिलं. तिच्या हातात नियमांचे कागद होते. वैष्णवीने माइक धरला. तो सन्माननीय व्यासपीठाचा माइक होता, समोर गुरुजनवर्ग होता, बालमित्र होते. तिने त्यांतल्या कुणालाही हाक मारली नाही.

"विड्या," ती म्हणाली. "माझी आजी विडी कामगार हे. ती समोर बसलीय."

कार्यालयातली मुलगी कागदाचं दुसरं पान वर-खाली वाचत होती. वाचू दे, मी म्हटलं. दाखवायचं नाही असा नियम होता, सांगायचं नाही असं कुठेच नव्हतं. दोन्ही पानं मी तोवर चार वेळा वाचली होती. शेवटी तिने कागद मिटला आणि इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या. सुंदराबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या नातीकडे बघत होत्या आणि पदराखाली त्यांचे हात स्वस्थ होते.

पहिल्या तीन नंबरांत आमचं नाव आलं नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवरची एक फिल्म पहिली आली, ती चांगलीच होती. हेडसर जाताना अर्चनाला म्हणाले, "पुढच्या वर्षी खड्डे आहेतच." आता ते विनोद करायला लागले आहेत.

मी मुलांबरोबर एसटीत बसले आणि द्वारकेला उतरले. खिडकीतून वैष्णवीने हात केला, शेजारी सुंदराबाई खिडकीची दांडी घट्ट धरून बसल्या होत्या. घरी येऊन मी ट्रायपॉड पुसला आणि कपाटावर ठेवला. मग विचार करत बसले. एवढी वर्षं मी मुलांना सांगत आले, की कॅमेऱ्याने समोर जे आहे ते नीट बघावं. समोर काही नसताना काय बघायचं, ते मला एका नववीतल्या मुलीने आणि तिच्या आजीने दाखवलं. पुढच्या जानेवारीत डोळा बरा असला तर मी पुन्हा जाणार आहे. नसला तरी जाणार आहे, बघायला वैष्णवी आहे.

अर्चनाचा परवा फोन आला होता. निंबवाडीची शाखा महिनाअखेरीस बंद झाली. त्या खोलीत आता खताचं दुकान आहे. पत्र्याचा मापाचा तुकडा भंगारात गेला, सुपात शेंगदाणे पाखडतात, कात्री कोथिंबिरीला. फिल्ममध्ये सुंदराबाईंचे हात आहेत, आणि पंचवीसची मोजणी आहे.